एरियो मंत्रिमंडळ व फ्रान्सच्या बँकेचे ताळेबंद (इ. स. १९२४–२५)

जुन्या कागदाची परीक्षा करतांना संशोधक प्रथम कागद, शाई, अक्षराचें वळण, शिक्का, मिति व भाषा हीं पाहतो. हीं सर्व जुळलीं म्हणजे कागद अस्सल ठरतो. आणि एकदां अस्सल ठरला म्हणजे त्यांतील मजकूरही खरा धरण्याकडे मनाचा कल होतो. वस्तुतः या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. कागद अस्सल असून मजकूर खोटा असूं शकतो. इतकेंच नव्हे, तर मजकुराचें खोटेपण झांकण्यास कागदाचें अस्सलपणच उपयोगी पडतें. फ्रान्समधील एदुआर एरियो याच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा इतिहास हें याचें ठळक उदाहरण आहे. जून १९२४ मध्यें अधिकारारूढ झालेलें हें मंत्रिमंडळ दहा महिन्यांच्या आंत कोसळलें, आणि तें ज्या कागदांमुळें कोसळलें ते योग्य कचेरींतून, योग्य वारीं, योग्य नमुन्यांत निघालेले होते. त्यांतील मुख्य आंकडा मात्र खोटा होता. प्रस्तुत लेखांत या प्रकरणाची हकीकत देऊन तींतून पुराव्याच्या परीक्षेविषयीं काय निष्पन्न होतें, तें पाहावयाचें आहे.

१. मंत्रिमंडळाची घडण

महायुद्धानंतर १९१९ च्या निवडणुकींत फ्रान्सच्या प्रतिनिधिगृहांत उजव्या व मध्यम पक्षांच्या ‘राष्ट्रीय गटा’चें बहुमत झालें होतें. जानेवारी १९२२ पासून रेमाँ प्वाँकारे हा मुख्य प्रधान होता. जर्मनी युद्धदंड भरीत नाहीं या कारणानें त्यानें जानेवारी १९२३ मध्यें रूर प्रांतांत सैन्य घातलें. या कारभाराचा खर्च व युद्धकाळांतील कर्जाचें ओझें यांमुळें फ्रँकची किंमत ढासळूं लागली. युद्धापूर्वीं एका पौंडास सुमारें २५ फ्रँक पडत. मार्च १९२४ च्या आरंभीं हा भाव १२० च्या वर गेला. तेव्हां प्वाँकारेनें बहुतेक करांत एक पंचमांश वाढ करविली आणि अमेरिकेंतील मॉर्गन पेढीकडून दहा कोटि डॉलरचें कर्ज मिळविलें. फ्रँक सावरला, परंतु करवाढीचा राग मतदारांच्या मनांत राहिला.

११ मे १९२४ च्या निवडणुकींत ‘डाव्यांचा संघ’ विजयी झाला. यांत मुख्य पक्ष दोन. पहिला रॅडिकल पक्ष. याचा आधार खेड्यांतील व लहान शहरांतील मध्यम स्थितीचा वर्ग, छोटे जमीनमालक, दुकानदार, शिक्षक व वकील यांवर होता. दुसरा समाजवादी पक्ष. डिसेंबर १९२० मध्यें तूर येथील अधिवेशनांत कम्युनिस्ट फुटून निघाल्यावर लेआँ ब्लूम याच्या पुढारीपणाखालीं तो पुन्हां उभा राहत होता. निवडणुकींत हे दोघे एकत्र आले, तरी राज्यकारभारांत एकत्र बसले नाहींत. समाजवाद्यांनीं मंत्रिपदें न स्वीकारतां बाहेरून पाठिंबा देण्याचें ठरविलें. यामुळें मंत्रिमंडळ रॅडिकल व त्यांच्या जवळच्या प्रजासत्ताक समाजवादी गटाचें झालें, आणि त्याचें आयुष्य मात्र ज्यांच्यावर मंत्रिपदाची जबाबदारी नाहीं अशांच्या मतांवर अवलंबून राहिलें.

सुरुवातीसच संघानें आपलें बळ दाखविलें. अध्यक्ष अलेक्झांद्र मिलराँ यानें निवडणुकीपूर्वीं उघडपणें राष्ट्रीय गटाची बाजू घेतली होती. म्हणून त्याच्या हातून मंत्रिपद घेण्यास संघाच्या पुढाऱ्यांनीं नकार दिला. मिलराँनें फ्रेदेरिक फ्रांस्वा-मार्साल याचें मंत्रिमंडळ बनवून पाहिलें, पण प्रतिनिधिगृहानें त्याशीं व्यवहारच करण्याचें नाकारलें. ११ जून रोजीं मिलराँनें राजीनामा दिला, १३ जून रोजीं गास्ताँ दुमेर्ग अध्यक्ष निवडला गेला आणि लगेच एरियोचें मंत्रिमंडळ तयार झालें. एरियो हा १९०५ पासून लियाँ शहराचा महापौर. वृत्तीनें वाङ्मयाचा अभ्यासक. मादाम रेकामिए व तिचा मित्रपरिवार यांवर त्याचा विस्तृत ग्रंथ आहे. त्यानें परराष्ट्रखातें आपल्याकडे ठेविलें आणि अर्थखातें एतियेन क्लेमाँतेल याच्याकडे दिलें.

परराष्ट्रव्यवहारांत या मंत्रिमंडळानें थोड्या काळांत बरेंच केलें. १९२४ च्या जुलै–ऑगस्टमध्यें लंडन येथील परिषदेंत डॉज योजना मान्य करून रूरमधील सैन्य काढून घेण्याचें ठरलें. २८ ऑक्टोबर रोजीं सोव्हिएट सरकारास मान्यता देण्यांत आली. २३ नोव्हेंबर रोजीं झां झोरेसच्या अस्थि पांतेआँ या राष्ट्रीय स्मारकांत नेण्यांत आल्या. परंतु मंत्रिमंडळाच्या भवितव्याचा निर्णय लंडनमध्यें नव्हे, तर पॅरिसमधील बँकेच्या वह्यांत होत होता.

२. बँक, खजिना व दोन मर्यादा

बँक ऑफ फ्रान्स ही १८०० मध्यें नेपोलियनच्या वेळीं स्थापन झाली. तिचें भांडवल खाजगी भागीदारांचें होतें. गव्हर्नर व दोन उपगव्हर्नर सरकार नेमी. परंतु कारभारी मंडळांत पंधरा नियामक असत, आणि ते भागीदारांनीं निवडावयाचे, तेही सर्व भागीदारांनीं नव्हे, तर केवळ सर्वांत मोठ्या दोनशे भागीदारांनीं. यामुळें नियामकांच्या जागा मोठ्या पेढीवाल्यांच्या व कारखानदारांच्या घराण्यांत राहत. एदुआर द रोथशील्ड हा त्यांपैकीं एक. लोखंडाचा मोठा कारखानदार फ्रांस्वा द वांदेल हा दुसरा. द वांदेल त्याच वेळीं प्रतिनिधिगृहांत उजव्या बाजूचा सभासदही होता.

युद्धापूर्वीं बँकेच्या चलनांतील नोटा सुमारें ६ अब्ज फ्रँकांच्या होत्या. ऑगस्ट १९१४ मध्यें नोटांच्या बदल्यांत सोनें देण्याचें बंधन उठविण्यांत आलें आणि युद्धखर्चासाठीं सरकार बँकेकडून उचल घेऊं लागलें. युद्धानंतर या प्रकारास आळा घालण्यासाठीं दोन मर्यादा ठरविण्यांत आल्या. पहिली, चलनांतील एकूण नोटा ४१ अब्ज फ्रँकांहून अधिक असूं नयेत. दुसरी, सरकारनें बँकेकडून घेतलेल्या उचलीची. २९ डिसेंबर १९२० च्या करारानें सरकारनें दरसाल २ अब्ज फ्रँक परत करावयाचे होते. त्या वेळचा अर्थमंत्री फ्रांस्वा-मार्साल याच्याच नांवानें तो करार ओळखला जातो. १९२५ च्या आरंभीं उचलीची मर्यादा २२ अब्ज होती.

या मर्यादा लोकांच्या दृष्टीनें केवळ हिशेबी नव्हत्या. प्रत्येक गुरुवारीं बँकेचा ताळेबंद प्रसिद्ध होई आणि नोटांचा आंकडा ४१ अब्जांच्या आंत आहे हें पाहून रोखेधारक निश्चिंत होई. हा रोखेधारक म्हणजेच सरकारचा खरा सावकार होता. युद्धकाळांत काढलेले अल्पमुदतीचे ‘राष्ट्ररक्षणाचे रोखे’ पन्नास अब्जांहून अधिक किंमतीचे लोकांच्या हातीं होते. मुदत भरतांच धारकानें ते पुन्हां घेतले तर खजिना चाले. त्यानें रोख रक्कम मागितली तर ती द्यावयास खजिन्यांत पैसा नसे, आणि बँकेच्या नोटांखेरीज दुसरा मार्ग राहत नसे. म्हणजे सरकारची पत ही दर आठवड्यास लोकांच्या विश्वासावर तोलली जात होती, आणि त्या विश्वासाचें माप बँकेचा ताळेबंद हेंच होतें.

३. खोटे ताळेबंद

मार्च १९२४ पासून, म्हणजे प्वाँकारेचें मंत्रिमंडळ अधिकारावर असतांनाच, बँकेच्या अधिकाऱ्यांनीं ताळेबंदांत नोटांचा आंकडा कमी दाखविण्यास आरंभ केला. ताळेबंदाची रीति ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांतील युक्ति समजावून सांगण्याची गरज नाहीं. चलनांतील नोटा हें बँकेचें देणें. देण्याच्या एका सदरांतील रक्कम कमी केली तर दोन्ही बाजू जुळविण्यासाठीं देण्याचें दुसरें सदर तितकें वाढविलें पाहिजे, किंवा येण्याची बाजू तितकी घटविली पाहिजे. असें केलें म्हणजे बेरीज बरोबर येते, आणि बेरीज तपासणारास कोठेंही चूक सांपडत नाहीं. उचलीची मर्यादाही अशाच आडमार्गानें ओलांडली जात होती. खाजगी पेढ्या सरकारचे रोखे घेत आणि त्यासाठीं लागणारा पैसा बँक ऑफ फ्रान्सकडूनच मिळवीत. त्यामुळें सरकारास पैसा बँकेचाच मिळे, परंतु वहींत तो सरकारच्या नांवें दिसत नसे.

प्रारंभ प्वाँकारेच्या कारकीर्दींत झाला एवढ्यावरून तो त्याच्या संमतीनें झाला असें अनुमान काढणें योग्य नाहीं. काळ जुळला म्हणजे कर्तृत्व सिद्ध होत नाहीं. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे : हा प्रकार डाव्यांच्या संघानें सुरू केला नाहीं, त्यास तो वारशानें मिळाला.

१९२४ च्या शरद ऋतूंत ही गोष्ट अर्थमंत्री क्लेमाँतेल याच्या कानांवर घालण्यांत आली. या क्षणीं एरियो मंत्रिमंडळापुढें तीन मार्ग होते. पहिला, सत्य प्रकट करून कायद्यानें मर्यादा वाढविणें. परंतु असें केल्यास रोखेधारक घाबरून पैसे मागतील आणि चलनफुगवट्याचा दोष नव्या सरकारच्या माथीं बसेल, अशी भीति होती. दुसरा, श्रीमंतांच्या भांडवलावर कर बसवून बँकेचें देणें फेडणें. समाजवाद्यांस हें हवें होतें, पण रॅडिकल पक्षाचे मतदार स्वतःच लहानमोठे मालक व रोखेधारक असल्यामुळें त्या पक्षास तें पचणारें नव्हतें. तिसरा मार्ग म्हणजे गप्प राहून कर्ज काढणें आणि त्यांतून तफावत हळूहळू भरून काढणें. सरकारनें हा तिसरा मार्ग धरला. नोव्हेंबर १९२४ मध्यें अंतर्गत कर्ज काढण्यांत आलें. परंतु त्यानें खजिन्याची निकड भागली नाहीं आणि तफावत वाढतच गेली.

गप्प राहण्याचा परिणाम असा झाला कीं, सरकार बँकेच्या मुठींत गेलें. गव्हर्नर जॉर्ज रोबिनो व नियामक हे सरकारास उचल फेडून हिशेब नियमित करण्याचा तगादा लावूं लागले. तगादा लावणारांपाशीं एक असें शस्त्र होतें कीं, तें केवळ दाखविल्यानेंच काम होई : पुढील गुरुवारीं खरा आंकडा छापणें. द वांदेलसारख्या गृहस्थास तर हें रहस्य नियामक म्हणून ठाऊक, आणि त्याच सरकारचा विरोध मात्र सभासद म्हणून करावयाचा, असें दुहेरी आसन मिळालें होतें. याच सुमारास व्हॅटिकनमधील वकिलात बंद करण्याच्या व अल्सास-लोरेनमध्यें धर्मनिरपेक्ष कायदे लागू करण्याच्या धोरणामुळें कॅथॉलिक समाजही जनरल द कास्तेल्नो याच्या नेतृत्वाखालीं सरकारविरुद्ध संघटित होत होता. याप्रमाणें सर्व बाजूंनीं आंच लागलेली असतांना ताळेबंदाचें रहस्य फुटण्याच्या बेतास आलें.

४. मंत्रिमंडळाचा शेवट

एप्रिल १९२५ च्या आरंभीं सेनेटमधील चर्चेंत क्लेमाँतेल यानें चलनवाढीची गरज सूचित केली. एरियोनें त्याचें समर्थन केलें नाहीं आणि क्लेमाँतेल राजीनामा देऊन बाहेर पडला. त्याच्या जागीं आलेल्या आनातोल द माँझी यानें लोकांच्या मालमत्तेच्या एक दशांशाइतकें सक्तीचें कर्ज घेण्याची योजना पुढें केली. भांडवलावरील कराचा जो मार्ग सहा महिन्यांपूर्वीं धैर्य करून धरतां आला असता, तो आतां निरुपायानें धरण्यांत येत होता.

गुरुवार, ९ एप्रिल रोजींच्या ताळेबंदांत बँकेनें खरा आंकडा दाखविला. चलनांतील नोटा ४३ अब्जांच्या आसपास होत्या. म्हणजे कायद्याची मर्यादा सुमारें दोन अब्जांनीं ओलांडलेली होती. दुसऱ्या दिवशीं, १० एप्रिल रोजीं, सेनेटनें १३२ विरुद्ध १५६ मतांनीं सरकारविरुद्ध निर्णय दिला. प्रतिनिधिगृहांत एरियोचें बहुमत अद्याप मोडलेलें नव्हतें. मंत्रिमंडळानें सेनेटच्या मतावरून पायउतार व्हावें कीं काय, हा प्रश्न १८७५ च्या घटनेपासून वादग्रस्त होता; पण १८९६ मध्यें लेआँ बूर्झ्वा व १९१३ मध्यें आरिस्तीद ब्रियाँ यांनीं सेनेटपुढें मान तुकविली होती. एरियोनेंही तोच मार्ग पत्करून राजीनामा दिला.

यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. एरियो पडल्यावर पांच दिवसांनीं, १५ एप्रिल १९२५ च्या कायद्यानें, नोटांची मर्यादा ४१ वरून ४५ अब्जांवर व सरकारी उचलीची २२ वरून २६ अब्जांवर नेण्यांत आली. जें करण्याच्या भीतीनें मंत्रिमंडळानें सहा महिने मौन धरलें आणि जें झांकल्याच्या आरोपावरून तें पडलें, तेंच त्याच संसदेनें आठवडाभरांत कायदेशीर केलें.

तथापि गेलेला विश्वास कायद्यानें परत आला नाहीं. पँलवे, ब्रियाँ आणि अखेर स्वतः एरियो, अशीं पुढील पंधरा महिन्यांत सहा मंत्रिमंडळें झालीं. एरियोचें दुसरें मंत्रिमंडळ जुलै १९२६ मध्यें अवघे कांहीं दिवस टिकलें. त्या वेळीं नवा गव्हर्नर एमील मोरो यानें मर्यादा गुपचूप ओलांडूं देण्यास साफ नकार दिला होता. पौंडाचा भाव २४० फ्रँकांच्या आसपास गेला. २३ जुलै रोजीं प्वाँकारे पुन्हां मुख्य प्रधान झाला, आणि त्याच्या मंत्रिमंडळांत एरियोनें शिक्षणमंत्र्याचें पद स्वीकारलें. जून १९२८ च्या कायद्यानें फ्रँकची किंमत युद्धापूर्वींच्या सुमारें एक पंचमांशावर कायम करण्यांत आली.

५. दोन परंपरा

या घटनेविषयीं फ्रान्समध्यें दोन परंपरा रूढ झाल्या. डाव्या पक्षांच्या परंपरेप्रमाणें लोकांनीं निवडलेलें सरकार ‘पैशाच्या भिंती’वर आदळून फुटलें. हा शब्दप्रयोग एरियोच्याच नांवाशीं निगडित आहे. पुढें ‘दोनशे घराणीं’ ही घोषणा यांतूनच बळावली. १९३६ मध्यें लोकआघाडीच्या सरकारनें बँकेची नियामकपद्धति मोडली, आणि १९४५ च्या अखेरीस बँक राष्ट्राच्या मालकीची करण्यांत आली. उजव्या पक्षांची परंपरा याच्या उलट. तिच्या मतें डाव्यांस हिशेब कळत नाहीं, त्यांनीं नोटा छापल्या, चोरी लपविली आणि ते पकडले गेले.

कागद पाहिले असतां दोन्ही परंपरा अर्धवट ठरतात. लपवालपवी डाव्यांनीं सुरू केली नाहीं, म्हणून उजव्या परंपरेचा पाया ढांसळतो. परंतु माहिती मिळाल्यावर एरियो मंत्रिमंडळानें ती लोकांपासून दडविली, आणि दडविल्यामुळेंच बँकेच्या हातीं दोरी गेली; म्हणून डाव्या परंपरेंतील निष्पाप बळीचें चित्रही टिकत नाहीं. भिंत होती हें खरें. परंतु तिच्यांतील बरेच चिरे सरकारनें स्वतःच्या मौनानें रचले होते. दोन अब्जांची तफावत एकेचाळीस अब्जांच्या मानानें शेंकडा पांच होती. ती ऑक्टोबरमध्यें उघड झाली असती तर एक अप्रिय बातमी ठरली असती. एप्रिलमध्यें ती अपराध ठरली.

६. पुराव्याची परीक्षा

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. मार्च १९२४ ते एप्रिल १९२५ पर्यंतचे बँकेचे साप्ताहिक ताळेबंद आज कोणाच्या संग्रहांत आले, तर बाह्य परीक्षेंत ते शंभर नंबरी उतरतील. ते समकालीन आहेत, अधिकृत आहेत, आणि नंतर कोणी बनविलेले नाहींत. तरीही चलनाच्या इतिहासास त्यांतील नोटांचा आंकडा प्रमाण धरतां येत नाहीं. त्यांतच एक सूचक खूण मात्र आहे. १९२४ च्या अखेरीपासून प्रसिद्ध आंकडा ४१ अब्जांच्या अगदीं लगत, पण नेहमीं त्याच्या आंतच घोटाळतो. ज्या आंकड्यावर मर्यादेचें बंधन आहे आणि जो मर्यादेस टेकूनही कधीं ओलांडीत नाहीं, त्याकडे परीक्षकानें संशयानें पाहिलें पाहिजे. वसुलाचे व मोजणीचे कागद चाळणारांस असे आंकडे अपरिचित नसतील.

खरी हकीकत प्रकाशांत आली ती निराळ्या जातीच्या कागदांवरून. द वांदेल आपल्या टिपणवह्यांत बैठकींची व संभाषणांची नोंद करीत असे. तो मंत्रिमंडळाचा विरोधक होता. म्हणून त्याचीं मतें पक्षपाती. पण नियामकांच्या बैठकींत कोणती गोष्ट केव्हां कळली, हें स्वतःच्या वहींत खोटें लिहिण्याचें त्यास कारण नव्हतें. या वह्यांच्या आधारें झां-नोएल झान्नने यानें १९७६ मध्यें द वांदेलविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ताळेबंदांच्या प्रकरणावर नवा प्रकाश टाकला. पुढें बर्त्राँ ब्लाँश्ताँ यानें २००१ च्या ग्रंथांत बँक व खजिना यांच्या संबंधांचा बँकेच्या दप्तरावरून सविस्तर अभ्यास केला. गव्हर्नर मोरोची १९२६ ते १९२८ पर्यंतची रोजनिशीही १९५४ मध्यें छापली गेली असून पुढील अंकाची कथा तींतून कळते.

येथें ध्यानांत घेण्यासारखें हें कीं, छापील व राजमान्य कागद खोटा ठरविण्याचें काम एका खाजगी, हस्तलिखित, पक्षपाती वहीनें केलें. यावरून खाजगी कागद नेहमीं खरा व सरकारी नेहमीं खोटा, असा नियम मात्र बांधूं नये. नियम इतकाच कीं, प्रत्येक कागदास दोन प्रश्न विचारावे : हा कोणी वाचावा म्हणून लिहिला? आणि यांतील अमुक गोष्ट खोटी लिहिण्यांत लेखकाचा कांहीं लाभ होता काय? बँकेचा ताळेबंद रोखेधारकानें वाचावा म्हणून लिहिला जाई आणि त्याची खात्री राखणें हाच त्याचा हेतु असे. म्हणून ज्या एका आंकड्यावर ती खात्री अवलंबून, तोच आंकडा सर्वांत कमी विश्वसनीय. बाकीच्या सदरांचा उपयोग तपासून घेऊन करतां येतो.

द वांदेलच्या वह्या घराण्यांत राहिल्या, कोणी त्या रद्दी म्हणून काढल्या नाहींत, म्हणून पन्नास वर्षांनीं एका मंत्रिमंडळास त्याच्या वांट्याचा दोष मोजून देतां आला. जास्त नाहीं व कमीही नाहीं. संग्राहक ज्या वह्या जपून ठेवतात त्यांचें मोल त्या त्या वेळीं ठरत नाहीं. त्यांच्या जोडीचा खोटा कागद जेव्हां तपासणीस येतो, तेव्हां तें ठरतें.